बिल्ल्याचे नऊ दिवस

आमचं घर मिशनच्या आवारात, बाबांच्या कारखान्याला पाठ लावून होतं. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. जांभ्या दगडाच्या तीन भिंती, वर कौलं आणि पुढची बाजू उघडी, एवढाच तो. तिथे बाबा मिशन शाळेतल्या मुलांना सुतारकाम शिकवत आणि उरलेल्या वेळात शाळेची बाकं, चर्चची दारं, बोर्डिंगचे पाट असं जे मोडेल ते दुरुस्त करत. मला रोज जाग यायची ती रंध्याच्या आवाजाने. फणसाचं लाकूड कापलं की हळदीसारखा पिवळा भुसा पडायचा आणि तो सगळीकडे जायचा, आईच्या पातळाच्या काठात, पाण्याच्या हंड्यावरच्या फडक्यात, माझ्या वेण्यांत. आई बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात होती. सकाळी मुलांना गरम पेज आणि खाराची फोड, दुपारी भात नि कुळथाची पिठी, आणि बाजारात बांगडा उतरला असेल तर त्या दिवशी मुलं घंटेच्या आधीच ताटं घेऊन रांगेत. आई घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला कोकमाचा आणि धुराचा वास असायचा, बाबांच्या अंगाला फणसाचा. हे दोन वास एकत्र आले की मी समजायचे, आता जेवण. आता मी चिपळूणला राहते, कुळथाचं पीठ दुकानातून पुड्यात आणते आणि पिठी करते. चांगली होते. तक्रार नाही.

आई लांज्याकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती वाचायला शिकली चर्चच्या रविवारच्या शाळेत, रीसबाईंकडे. रीसबाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. वेल्समधल्या एका चॅपलने त्यांना कोकणात पाठवलं होतं, त्या आल्या आणि इथल्याच झाल्या. रविवारची शाळा आपल्याकडे लहान मुलांची समजतात. रीसबाईंनी ती मोठ्यांची केली, कारण त्यांच्या गावी तशीच होती. "आमच्याकडे पांढऱ्या दाढीचे आजोबा बायबल उघडून बाकावर बसत," त्या सांगायच्या, "आणि अडले की नातवाला विचारत." मग आमच्याकडेही उपासनेनंतर भांडी घासणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, आयाचं काम करणाऱ्या बाया अर्ध्या वर्तुळात बसू लागल्या आणि एकेक ओळ बोटाने रेटत मराठी वाचू लागल्या. आई त्यातलीच. रीसबाईंना कोणी इंग्रज म्हटलं की त्या लालबुंद होत. "मी इंग्रज नाही. वेल्श." आम्हाला फरक कळत नसे. गोरी बाई ती इंग्रज, एवढंच आमचं भूगोलाचं ज्ञान. त्यांच्या भाषेतला एकच शब्द आम्हाला पाठ होता, 'बाख'. लहानग्यांना हाक मारताना त्या तो नावाला जोडायच्या. मी त्यांची 'करुणा बाख' होते.

निवृत्त झाल्यावर रीसबाईंनी शाळेचा कारभार आपल्या लोकांच्या हाती दिला आणि स्वतः आवाराच्या टोकाला दोन खोल्यांत राहू लागल्या. शनिवारी दुपारी मुलांना गाणं शिकवायचं एवढं एकच काम त्यांनी ठेवलं. मुख्याध्यापक झाले ते आमचे पाळकसाहेब. चर्चचे पाळक तेच, शाळेचे प्रमुख तेच. उंच, शिडशिडीत, धुतलेला पांढरा शर्ट, चालताना हात पाठीमागे. माणूस कष्टाळू होता. शाळेचं छप्पर गळायला लागलं तेव्हा स्वतः शिडीवर चढून कौलं परतलेली मी पाहिली आहेत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल मी त्यांना राक्षस ठरवायला बसले आहे.

मी सातवीत गेले त्या जूनमध्ये पाळकसाहेबांनी प्रार्थनेनंतर सांगितलं की, आजपासून शाळेच्या फाटकाच्या आत मराठी बोलायचं नाही. फक्त इंग्रजी. आणि प्रत्येक वर्गाला एक लाकडी बिल्ला दिला. तळहाताएवढा, वर भोक पाडून सुतळी ओवलेली, मधे कोरलेलं इंग्रजी एम. मराठीचा एम. जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात बिल्ला. त्याने मग दुसरं कोणी मराठी बोलताना ऐकलं की त्याचं नाव वर्गशिक्षकांना सांगायचं आणि बिल्ला त्याच्या गळ्यात घालून आपण मोकळं व्हायचं. शेवटच्या घंटेला बिल्ला ज्याच्या गळ्यात, त्याला हातावर चार छड्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्यापासूनच सुरुवात.

ते बिल्ले बाबांनी केले होते. फणसाचे. मी त्यांना करताना पाहिलं होतं, कडा गोल घासताना, एकेक एम कोरताना. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, "शाळेचं काम आहे." बाबा तेव्हा मंडळीचे वडील होते, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांपैकी एक. पाळकसाहेबांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता.

महिनाभरात वर्गाची तऱ्हाच बदलली. मधल्या सुट्टीत आम्ही मुक्यासारखे डबे खायचो. ज्याच्या गळ्यात बिल्ला तो मांजरासारखा दबकत फिरायचा, कोणाच्या तोंडून 'अगं' निघतंय का, 'दे ना' निघतंय का. चिंचेच्या झाडामागे लपून ऐकायचा. मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढायच्या, मुद्दाम, म्हणजे दुसरी 'आई गं' म्हणेल. मीही एकदा असाच चिमटा काढला. कोणाला, ते सांगत नाही. ती अजून मला फोन करते आणि तिला ते आठवत नाही.

माझ्यावर बिल्ला आला तो एका गुरुवारी. मैदानाच्या कडेला चिरे रचून ठेवले होते, तिथे माझी मैत्रीण शैला पाठ करून उभी होती. बिल्ला तिच्याच गळ्यात होता. आदल्या दिवशी छड्या खाऊन तिचा हात सुजला होता. तिच्या टाचेपाशी, दोन चिऱ्यांच्या फटीत, मला अंगाचं वेटोळं घासत बसलेलं फुरसं दिसलं. आमच्या कातळावर फुरशी फार. चावलं तर माणूस वाचेलच असं नाही. मी ओरडले, "शैले, फुरसं! पाय उचल, पाय उचल!" तिने उडी मारली. मोठी मुलं काठ्या घेऊन धावली, एकच गलका झाला. आणि त्या गलक्यात वर्गशिक्षक म्हणाले, "हू स्पोक मराठी?" शैलाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने गळ्यातला बिल्ला काढला आणि माझ्या गळ्यात घातला. रडत रडत घातला, पण घातला.

"सर, साप होता," मी इंग्रजीत म्हणाले.

"देन से स्नेक," सर म्हणाले.

पण ते स्नेक नव्हतं. ते फुरसं होतं. स्नेक म्हणजे धामणसुद्धा, आणि धामणीला कोण घाबरतो? फुरसं म्हटलं की आमच्याकडचं माणूस विचार न करता पाय उचलतं. सरांना फुरशाचं इंग्रजी माहीत आहे का, असं मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. मला उद्धटपणाच्या दोन छड्या जास्त मिळाल्या.

त्या दिवशी शेवटच्या तासाला माझ्या मागे बसलेली दोघं कुजबुजली, स्पष्ट मराठीत. सरांनी विचारलं, "करुणा, एनी नेम?" माझ्या हाताला आग लागली होती. नाव तोंडाशी आलं होतं. आणि मला एकदम शैलाचा चेहरा आठवला, बिल्ला काढतानाचा. मला त्या चेहऱ्याची शिसारी आली, आणि माझा चेहरा तसा होऊ द्यायचा नाही, एवढंच त्या वेळी कळलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. "नो नेम, सर," मी म्हणाले.

शुक्रवारीही नाव नाही. शनिवारीही नाही. रोज चार छड्या. सोमवारी एक गंमत झाली. मधल्या सुट्टीत दोन मुली माझ्या बाजूला येऊन बसल्या आणि हळूच मराठीत बोलू लागल्या. मग आणखी तिघी. मग मुलंही. बिल्ला माझ्याकडे, आणि मी नाव सांगत नाही, म्हणजे माझ्याभोवती मराठी बोललं तर कोणाला काही होत नाही! बुधवारपर्यंत अर्धा वर्ग माझ्याभोवती डबे घेऊन बसायला लागला. गावच्या जत्रेच्या, गणपतीपुळ्याला पाहिलेल्या मोठ्या बसच्या, मुंबईहून आलेल्या मामाच्या गोष्टी, सगळ्या मराठीत, महिनाभर साठवून ठेवलेल्या. फक्त शैला लांब चिंचेखाली एकटी बसायची. मीच तिला हाक मारली. ती आली आणि तिने तिच्या डब्यातलं घावन माझ्या हातावर ठेवलं. सुजलेल्या हातावर ते गार लागलं.

घरी आई रोज माझ्या हाताला खोबरेल नि हळद लावायची. काही बोलायची नाही. बाबा मात्र बोलले. "कुणाचं तरी नाव सांग नि मोकळी हो. एवढी हट्टी कशाला होतेस? साहेब तुमच्याच भल्यासाठी करतायत."

"तुम्ही केलेला बिल्ला आहे," मी म्हणाले. "सुतळी काचते. निदान कडा तरी गोल केल्यात."

बाबा ताटावरून उठले आणि कारखान्यात गेले. त्या दिवशी रंध्याचा आवाज आला नाही. मी असं बोलायला नको होतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. आज वाटत नाही.

रीसबाई शाळा उघडल्यापासून मिरजेला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेल्या होत्या. त्या परत आल्या त्या दुसऱ्या शनिवारी. बिल्ल्याचा तो नववा दिवस. शाळा सुटल्यावर मी तशीच गाण्याला गेले. बिल्ला काढून दप्तरात टाकायचा राहिला. त्या पेटीवर सूर धरून बसल्या होत्या. जाड नवा चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबला.

"करुणा बाख, इकडे ये. हे काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी बिल्ला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग पेटी बंद केली आणि आम्हा मुलांना सांगितलं, अगदी हळू आवाजात. त्यांचे आजोबा लहान असताना वेल्समधल्या शाळेत वेल्श बोलायला बंदी होती. बोललं की गळ्यात लाकडाचा तुकडा, त्यावर कोरलेली अक्षरं. त्यानेही दुसऱ्याला पकडून तो पुढे द्यायचा. संध्याकाळी ज्याच्याकडे राहील त्याला मार. "आजोबा म्हातारे झाले तेव्हाही ते एका माणसाचं नाव घेत नसत," त्या म्हणाल्या. "लहानपणी त्याने त्यांच्या गळ्यात घातला होता. सत्तर वर्षं शेजारी राहिले, एकाच चॅपलमध्ये गेले, आणि बोलले नाहीत."

मग त्या काठी घेऊन उठल्या, माझा हात धरला आणि सरळ पाळकसाहेबांच्या कचेरीत गेल्या.

"शाळा तुमच्या हाती दिली ती आनंदाने दिली, पाळकसाहेब," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "परत मागायला आले नाही. पण हे लेकरांच्या गळ्यात कोणी घातलं?"

"शिस्त आहे ती, बाई." पाळकसाहेबांनी मला बसायला सांगितलं नाही, रीसबाईंनाही नाही. मग ते उठले. "तुम्हाला इंग्रजी येतं, म्हणून मराठीचं कौतुक करता येतं. मी बंगलोरला मुलाखतीला गेलो तेव्हा माझं इंग्रजी ऐकून समोरचे चौघं हसले. चौघं पाळक होते. ह्या मुलांना कोणी तसं हसू नये, एवढंच मला पाहिजे."

ते खोटं बोलत नव्हते. रीसबाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"मी सात वर्षांची होईपर्यंत मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता," त्या म्हणाल्या. "शिकवा इंग्रजी. मी तरी आयुष्यभर दुसरं काय केलं? पण मारून नाही. आणि एका लेकराकडून दुसऱ्याची चुगली करवून तर नाहीच नाही."

"ह्या शाळेत आता तुम्हाला पद नाही, बाई."

"नाही. पण मी मंडळीची सभासद आहे. उद्या रविवार आहे."

त्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची वार्षिक सभा होती, वडील निवडायची. निवडीची रीत जुन्या मिशनऱ्यांनी वेल्सहून आणलेली. पाळकांनी नाव पुकारायचं, ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहायचं. बसून राहणाऱ्याला कारण विचारायचा नियम होता, पण माझ्या आठवणीत तोवर कोणी बसून राहिलं नव्हतं. सगळे उभे राहत, बायकाही, आणि मग घरी जाऊन वडे-सागोती. आईने तर सकाळीच वड्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं. चर्चला निघताना ती मला म्हणाली, "बिल्ला घाल गो."

"आज रविवार आहे, आई."

"मला ठावं हाय वार कुठला तो. घाल."

पहिली दोन नावं झाली. तिसरं नाव बाबांचं. बाबा पुढच्या बाकावर, इस्त्रीच्या सदऱ्यात. सगळी मंडळी उभी राहिली. माझ्या शेजारी आई बसून राहिली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी "अगो, उठ ना" म्हणालं. आई उठली नाही. पाळकसाहेबांना ती दिसली. त्यांनी घसा साफ केला.

"बाई, तुमचे यजमान आहेत."

"होय तर. ते मला ठावं हाय." लोक हसले, आई हसली नाही. "कारण विचारा. नियम हाय तसा."

पाळकसाहेबांना विचारावं लागलं.

आईने माझ्या खांद्याला धरून मला बाकावर उभं केलं. मोठा फणसाचा बिल्ला, लाल झालेल्या मानेवर. "हे माझ्या घरकाऱ्यानं केलान नि तुम्ही घातलात. पोरीनं फुरसं बघून मैत्रिणीला हाक मारली, त्याची ही शिक्षा. ह्याच चर्चात मला वाचायला शिकवलं. मराठीत शिकवलं. तुम्ही वर उभं राहून प्रार्थना करता ती मराठीत. मंग देवाच्या गळ्यात पण घाला एक. ज्यानं हे लाकूड कापलं त्याच्यासाठी मी उभी राहायची नाय. नवरा असला तरी नाय."

बाहेर वडाच्या पारंब्यांवर कावळे भांडत होते. "हा शाळेचा प्रश्न आहे, मंडळीचा नाही," पाळकसाहेब म्हणाले. आणि तेव्हा रविवारच्या शाळेतली एक मासळीवाली, आईच्या वर्गातली, खाली बसली. मग दुसरी. मग बोर्डिंगची आया. एकेक करत त्या सगळ्या बसल्या, बोटाने ओळ रेटत वाचायला शिकलेल्या. रीसबाई सर्वांत शेवटी बसल्या, काठी टेकत, सावकाश. पुरुष उभेच होते, आणि आता कसं बसावं हे त्यांना कळत नव्हतं.

बाबा मागे वळले. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आज घरी काही खरं नाही. बाबा म्हणाले, "माझं नाव काढा, साहेब."

घरी वडे तळले गेले. बाबांनी पुन्हा मागून घेतले.

सोमवारी प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाला तेव्हा बाबा आमच्या वर्गाच्या दारात आले. केसांत भुसा, खांद्यावर फुटपट्टी. सरांना नमस्कार केला आणि हात पुढे करून मला म्हणाले, "दे." मी बिल्ला काढून दिला. मग ते शेजारच्या वर्गात गेले, मग वरच्या. प्रत्येक दारात तेच, "द्या." सात वर्गांतले सात बिल्ले त्यांनी गोळा केले आणि व्हरांड्यातून चालत येताना समोर पाळकसाहेब उभे राहिले. आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलो होतो.

"मास्तर, कोणाच्या परवानगीने?"

"केले तेव्हा तुमच्या परवानगीनं केले," बाबा म्हणाले. "आता माझ्या."

पाळकसाहेब बाजूला झाले. मला अजून वाटतं, त्या क्षणी त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. पण ज्यांच्या हातात सत्ता असते त्यांना सुटल्यासारखं झालं तरी दाखवता येत नाही. बिल्ले पुन्हा झाले नाहीत. शाळा मात्र दोन वर्षांत पूर्ण इंग्रजी झाली, आणि खरं सांगायचं तर तिथली मुलं पुढे गेली, माझ्यापेक्षा पुढे गेली. मी माझ्या मुलालाही इंग्रजी शाळेतच घातलं. कोणी मला ह्यावरून टोमणा मारला तर मी एकच विचारते: त्याच्या गळ्यात काही होतं का?

पाळकसाहेबांनी बाबांना कामावरून काढलं नाही. त्यांनी फक्त सुतारकामाचा वर्गच बंद केला, आणि आवारातलं घर त्या वर्गाच्या मास्तरांचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पूर्णगडला आईच्या मावशीकडे गेलो. तिथे होड्या दुरुस्त करणाऱ्यांना सुतार हवाच होता. रीसबाई आवाराच्या फाटकापर्यंत आल्या. त्यांनी आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आई लाजेने अशी लाल झाली, तशी सभेतही झाली नव्हती.

पूर्णगडच्या शाळेत बाबा मला नाव घालायला घेऊन गेले. टेबलाशी जानवं शर्टाबाहेर आलेले, तपकीर ओढणारे एक क्लार्क होते. त्यांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला डोळ्यांजवळ धरला आणि शेवटचा रकाना मोठ्याने वाचला: "शाळा सोडण्याचे कारण: पालकांची विनंती." मग चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. "वर्षाच्या मधेच कसली हो विनंती?"

बाबा बोलायला लागले होते. मी आधी बोलले.

"विनंती नव्हती. मी मराठी बोलले."

क्लार्कने बाबांकडे पाहिलं, ते खरंच आहे का, अशा अर्थाने. बाबांनी मान डोलावली. मग क्लार्कने टाक शाईत बुडवला, रजिस्टर पुढे ओढलं आणि माझं नाव लिहिता लिहिता म्हणाले, "मग बोल की गो. वर्ग तिकडे हाय, डाव्या अंगाला."